पक्षाची अंतर्गत बाब



उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाची आदली रात्र आपण सगळ्यांनी पाहिली आहे. इच्छुक मुंबईत ठाण मांडून बसलेले, गावात कार्यकर्ते फोनकडे डोळे लावून जागे. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आत ज्याच्या नावाचा एबी फॉर्म पोचतो, तो पक्षाचा उमेदवार. बाकीच्यांना का डावलले, ते कोणी सांगत नाही. विचारलेच, तर एक ठरलेले उत्तर मिळते : ही पक्षाची अंतर्गत बाब आहे. आज मी या उत्तराविषयीच बोलणार आहे, आणि त्यासाठी तुम्हाला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात नेणार आहे.

मिशिगनच का, तर तिथल्या विधिमंडळात आपला एक माणूस बसून आला. श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात. त्यांचे ‘ही श्रींची इच्छा’ हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. २०१८ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाकडून मिशिगनचे गव्हर्नर व्हायला निघाले आणि प्रायमरीतच तिसऱ्या क्रमांकावर राहिले. २०२० मध्ये त्यांनी डेट्रॉईटच्या एका मतदारसंघातून राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी प्रायमरी लढवली आणि जिंकली. पुढे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्यांना नव्वद टक्क्यांहून अधिक मते पडली. म्हणजे त्या मतदारसंघाचा निकाल ऑगस्टमध्येच लागला होता. नोव्हेंबरमध्ये त्यावर शिक्का उमटला, एवढेच.

ही प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडण्याची निवडणूक. ती कशी चालते, ते नीट समजून घेऊ. मिशिगनच्या प्रतिनिधिगृहात ११० जागा, मुदत दोन वर्षांची. राज्याची लोकसंख्या सुमारे एक कोटी, तेव्हा एका आमदारामागे नव्वद हजारांच्या आसपास माणसे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेनुसार एका आमदारामागे जवळजवळ चार लाख. तिथे उभे राहायला कोणाच्या बंगल्यावर जावे लागत नाही. मतदारसंघातल्या २०० मतदारांच्या सह्या आणा किंवा १०० डॉलर भरा, की पक्षाच्या रकान्यात तुमचे नाव छापले जाते. पक्षाध्यक्षाला तुम्ही आवडत नसाल, तरी छापले जाते.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान होते. नोव्हेंबरला घेतात तेच सरकारी कर्मचारी ते घेतात आणि खर्चही सरकारी तिजोरीतून होतो. मतदाराने कोणत्याही पक्षाचा सभासद असण्याची अट नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, आडोशामागे उभे राहून त्यातला एक निवडायचा. दोन्हीकडे खुणा केल्या, तर ती मते बाद. न्यूयॉर्कची रीत वेगळी. तिथे आधी पक्षाच्या नावाने नोंदणी केलेल्यालाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते.

सह्यांचे काम वाटते तितके सोपे नाही. २०२२ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाकडून उतरलेल्या पाच जणांची नावे मतपत्रिकेवर आलीच नाहीत. गोळा केलेल्या सह्यांत खोट्या सह्यांचा भरणा होता आणि लागणारा १५,००० चा आकडा भरला नाही. त्यात पक्षाची आघाडीची नावे होती. नियम त्यांनाही लागला, याचे मला मोल वाटते.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तरतूद सांगतो. प्रायमरीत हरलेल्याचे नाव त्याच वर्षी नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दुसऱ्या पक्षाकडून छापता येत नाही. आपल्या भाषेत, बंडखोरीला बंदी. पण ही बंदी कधी, तर बंडखोराला आधी एक पूर्ण, कायदेशीर, गुप्त मतदानाची संधी दिल्यावर. भांड आपल्याच पक्षातल्या बसलेल्या आमदाराशी, उघड्यावर भांड, लोकांना कौल देऊ दे, आणि कौल लागला की थांब. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात झोहरान ममदानी नावाचा तरुण असाच आपल्याच पक्षाच्या, राज्य विधिमंडळातल्या विद्यमान सदस्य अरवेला सिमोटास यांच्यासमोर उभा राहिला. टपालाची मते मोजता मोजता आठवडे गेले आणि काहीशे मतांनी तो जिंकला. आपल्याकडे असा तरुण काय करेल? दहा वर्षे सतरंज्या उचलेल, नाहीतर पक्ष सोडेल.

१९९५ आठवा. महाराष्ट्राच्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले. त्यांतले कितीतरी तिकीट नाकारलेले काँग्रेसवाले होते. मनोहर जोशींचे सरकार त्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर उभे राहिले. मतदाराला जो उमेदवार हवा होता आणि पक्षाने जो दिला, त्यांच्यातले अंतर त्या ४५ जागांवर दिसत होते. ते अंतर मोजण्याची दुसरी सोयच नव्हती.

प्रयोग झालाच नाही असे नाही. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने देशातल्या काही निवडक मतदारसंघांत प्रायमरी घेतली, त्यांत आपले वर्धा आणि लातूर होते. मात्र मत देणारे होते पक्षाचे पदाधिकारी आणि ठरावीक यादीतले लोक. दोन्ही जागा पक्ष हरला आणि तो विषय मिटला. त्या वर्षीच्या लाटेत कोण टिकले असते? एका पराभवावरून पद्धत मोडीत काढली, याचे मला आजही वाईट वाटते.

अमेरिकेतही हे आपोआप आले नाही. विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट १८९६ आणि १८९८ असे दोनदा गव्हर्नरपदाची उमेदवारी मागून हरले. तेव्हा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधी ठरवत. आपले प्रतिनिधी पैसे देऊन फोडले, असा त्यांचा आरोप होता. मग ते गावोगाव फिरून एकच मागणी मांडत राहिले : उमेदवार लोकांना निवडू द्या. १९०० मध्ये गव्हर्नर झाले, १९०३ मध्ये कायदा संमत करून घेतला, १९०४ मध्ये जनतेने सार्वमताने त्याला मान्यता दिली. बैठकीतला व्यवहार मतपेटीपर्यंत यायला इतकी खटपट लागली.

या पद्धतीतले दोषही सांगतो, कारण ते खरे आहेत. ऑगस्टमध्ये लोक येत नाहीत. २०१८ ची मिशिगनची प्रायमरी तोवरची विक्रमी, तरी मतदान नोव्हेंबरच्या निम्म्याच्या आसपासच. जे येतात ते जास्त कडवे असतात, आणि आमदार त्यांच्याकडे पाहून बोलायला शिकतो. पैशाचा जोरही चालतो. ठाणेदारांनी प्रचारात स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणावर ओतला, हे त्यांनी कधी लपवले नाही. आणि मते फुटतात. २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रायमरीत नऊ उमेदवारांमध्ये ते अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास मते घेऊन जिंकले. अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मते वाटली गेली आणि १९५० च्या दशकानंतर प्रथमच डेट्रॉईटचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेला नाही. मराठी माणूस म्हणून मला आनंद झाला, पण त्या शहरातल्या लोकांची हळहळही मला समजते.

हे सगळे धरूनही मी प्रायमरीच्या बाजूने उभा आहे, आणि त्याचे कारण टेक्सासात आहे. त्या राज्यात तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे एकछत्री राज्य होते. प्रायमरी जिंकला तो निवडून आलाच. १९२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की या प्रायमरीत कृष्णवर्णीयांनी मत द्यायचे नाही. नोव्हेंबरला खुशाल द्या! एल पासो शहरात लॉरेन्स निक्सन नावाचे डॉक्टर होते. १९२४ च्या जुलैमध्ये ते मतदानासाठी लागणारा कर भरल्याची पावती घेऊन मतदान केंद्रावर गेले. त्यांना परत पाठवले. ते कोर्टात गेले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. मग राज्याने तो अधिकार पक्षाच्या समितीकडे दिला. डॉक्टर पुन्हा कोर्टात गेले, १९३२ मध्ये पुन्हा जिंकले. मग पक्षाच्या अधिवेशनाने स्वतःच ठराव केला की सभासद फक्त गोरे. आणि १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चालू दिला, कारण पक्ष ही खासगी संस्था, आणि सभासद कोण हे ठरवणे तिचा स्वतःचा प्रश्न.

तेच आपले उत्तर. अंतर्गत बाब.

ते मोडायला आणखी नऊ वर्षे लागली. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात वकील थर्गुड मार्शल उभे राहिले आणि एप्रिल १९४४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निकाल लागला : ज्या मतदानातून राज्याचा कारभारी ठरतो, ते पक्षाचे घरगुती काम असू शकत नाही. त्याच जुलैमध्ये डॉक्टर निक्सन पत्नीला घेऊन एल पासोच्या मतदान केंद्रावर गेले. पहिल्यांदा परत पाठवल्याला वीस वर्षे झाली होती. या वेळी त्यांच्या हातात मतपत्रिका दिली गेली.