भूल, उलटी आणि जमाखर्च



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भूलशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु खरेदीच्या मागणीपत्रावर सही माझी असते, म्हणून हे चार शब्द.

गतवर्षी जिंतूर तालुक्यातील सहा वर्षांच्या एका मुलीच्या तिरळेपणाची शस्त्रक्रिया आपल्याकडे झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मात्र सायंकाळपर्यंत तिला पाच उलट्या झाल्या. शेवटची एस.टी. निघून गेली, सलाइन लावावे लागले आणि शेतमजूर आईवडिलांची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली. दुसऱ्या डोळ्यासाठी दिलेल्या तारखेस ते आलेच नाहीत. त्याच्या दोन महिने आधी भूलतज्ज्ञांनी सिरिंज पंप मागितला होता. ‘गॅसवर काम भागते, पुढील वर्षी पाहू’ असा शेरा मारून मी तो कागद परत पाठविला होता.

डॉक्टरांनी नंतर मला समजावून दिले ते असे. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचे स्नायू ओढले जातात आणि त्यामुळे उलटीची प्रवृत्ती बळावते, असे मानले जाते. जर्मनीतील भूलतज्ज्ञांनी 2004 साली मुलांसाठी चार खुणा सांगितल्या: वय तीन वर्षे वा अधिक, शस्त्रक्रिया अर्धा तास वा अधिक, तिरळेपणाची शस्त्रक्रिया, आणि मुलास किंवा जवळच्या नातलगांस भुलीनंतर उलट्या झाल्याचा पूर्वेतिहास. चारही असल्यास उलटीची शक्यता सुमारे 70 टक्के. एकही नसल्यास दहाच्या आत.

भुलीच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल सतत दिल्यास उलट्या कमी होतात. त्याकरिताच तो पंप. पण येथे एक मेख आहे. स्नायू ओढताच मुलाची नाडी मंदावू शकते आणि प्रोपोफॉलच्या भुलीत ती अधिक वेळा मंदावते. तेव्हा सर्जनने हात थांबवावा लागतो, अॅट्रोपिन हाताशी ठेवावे लागते. कोणत्या मुलास कोणती भूल, हा निवाडा म्हणूनच भूलतज्ज्ञाचा. लेखापालाने तो दरपत्रक पाहून करावयाचा नाही. ऑन्डान्सेट्रॉन व डेक्सामेथासोन ही दोन्ही इंजेक्शने मिळून दिल्यास उलट्यांना चांगला आळा बसतो आणि ती स्वस्तही आहेत. त्यांच्या मागणीत यापुढे काटछाट होणार नाही.

एक गोष्ट तर बिनखर्ची निघाली. घरी सोडण्यापूर्वी मुलाने काही प्यालेच पाहिजे, असा आपल्या वॉर्डात आग्रह असे. त्याने उलटी वाढतेच. आता मूल मागेल तेव्हाच पाणी देण्यात येते.

पंपाची तरतूद यंदाच्या अंदाजपत्रकात केली असून सभेने तीस मंजुरी द्यावी, ही विनंती. त्या मुलीच्या वडिलांना आम्ही दोन पत्रे पाठविली आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही. पुढील आठवड्यात आमच्या परिचारिका गावी जाऊन येणार आहेत.