‘ते’ जिंकले की ‘आपण’ जिंकलो?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)





कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी ‘बास्केटबॉल’ म्हणालो, आणि थोडी शांतता पसरली. साहजिक आहे. आपल्या इंदुरात खेळ म्हटला की सी. के. नायडू, मुश्ताक अली आणि होळकर संघ. रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्ससमोरून आपण रोज जातो, पण आत डोकावतो ते आपलं मूल खेळत असेल तरच. मी त्याच वर्गातला. मुलगी खेळायला लागली म्हणून मी बघायला लागलो. मी साधा डिप्लोमावाला, सरकारी खात्यातला उपयंत्री. खेळाचं शास्त्र मला कळत नाही. मी बोलणार आहे ते प्रेक्षकांबद्दल, म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल. संघ जिंकल्यावर आपण जे बोलतो, त्याबद्दल.

उदाहरण मात्र लांबचं घेतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात शार्लट नावाचं शहर आहे. बँकांचं शहर. आपली बरीच मुलं तिथे बँकांच्या कॉम्प्युटरच्या कामाला असतात, माझा मेहुणाही २००८ साली होता. त्या शहराच्या उत्तरेला पाऊण तासाच्या आत डेव्हिडसन नावाचं छोटं कॉलेज लागतं. त्या काळी सुमारे १,७०० विद्यार्थी. आपल्याकडे एवढे विद्यार्थी एकेका शाळेत असतात. परीक्षेला पर्यवेक्षक नाही, मुलांच्या शब्दावर विश्वास, अशी तिथली पद्धत. आणि मुलांचे कपडे त्या काळी कॉलेजच धुऊन द्यायचं! (हे ऐकून आमच्या घरच्यांनी मुलीला तिथेच पाठवायचं ठरवलं होतं.)

तिथे दर मार्चमध्ये कॉलेज संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. तेव्हा तिच्यात ६५ संघ असत. नियम सरळ, हरलात की घरी. परतीचा सामना नाही, गुणतालिका नाही. त्यामुळे तीन आठवडे तो देश वेडा होतो. डेव्हिडसनने या स्पर्धेत शेवटचा सामना जिंकला होता तो १९६९ मध्ये.

२००८ च्या संघात एक किडकिडीत, पोरसवदा दिसणारा मुलगा होता, स्टीफन करी. आज त्याचं नाव घराघरात आहे. तेव्हा मोठ्या कॉलेजांना तो लहानखुरा वाटला होता. वडील ज्या व्हर्जिनिया टेककडून खेळले, त्यांनीसुद्धा त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही.

त्या वर्षी ते आधी हरले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून ४ गुणांनी, ड्यूककडून ६ गुणांनी, यूसीएलएकडून १२ गुणांनी, एनसी स्टेटकडून एका गुणाने. ही सगळी दादा मंडळी. पहिल्या दहा सामन्यांत चार विजय, सहा पराभव. मेहुणा फोनवर म्हणायचा, “बिचारे बरे खेळतात, पण ते काही जिंकणार नाहीत.” यातला ‘ते’ लक्षात ठेवा.

पुढे त्यांनी सलग २२ सामने जिंकले, पण छोट्या कॉलेजांविरुद्ध, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग मार्च आला. पहिला सामना गोंझागाशी, राली शहरात. डेव्हिडसन मागे पडलं होतं. करीने दुसऱ्या अर्ध्यात ३० गुण केले, एकूण ४०, आणि सामना ८२-७६ असा निघाला. दोन दिवसांनी जॉर्जटाउन. आदल्या वर्षी शेवटच्या चारांत पोचलेला संघ, मध्यभागी सात फूट दोन इंचांचा रॉय हिबर्ट. डेव्हिडसन १७ गुणांनी मागे. तिथून ७४-७० ने जिंकले. त्याच मैदानावर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचेही सामने होते, त्यांचे प्रेक्षक निळे शर्ट घालून आले होते. तेसुद्धा उभे राहून या छोट्या कॉलेजासाठी ओरडायला लागले.

त्या रात्री मेहुण्याचा फोन आला. “भाऊजी, आपण जिंकलो!”

म्हटलं, आपण कोण? तू कॉलेजात शिकलास ते इथे, जीएसआयटीएसला!

मंडळी, हसू नका. यावर चक्क संशोधन झालं आहे. रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७६ साली ते प्रसिद्ध केलं. सात अमेरिकी विद्यापीठांत त्यांनी सोमवारी वर्गात बसलेल्या मुलांचे कपडे मोजले. शनिवारी आपला फुटबॉल संघ जिंकला असेल, तर सोमवारी कॉलेजचं नाव असलेले शर्ट जास्त दिसायचे. मग त्यांनी मुलांना फोन करून सामन्यांबद्दल विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना मुलं ‘वुई’ जास्त म्हणायची, हरलेल्या सामन्याबद्दल कमी. इंग्रजीत एकच ‘वुई’ आहे बिचाऱ्यांकडे. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. मेहुण्याने मला, इंदुरात बसलेल्या माणसालासुद्धा, त्या विजयात ओढून घेतलं होतं.

चाहत्यांची दुसरी एक श्रद्धा असते. खेळाडूचे दोन-तीन नेम लागले की पुढचाही लागणार, हात तापला आहे. गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या तिघांनी १९८५ मध्ये हे तपासलं. त्यांनी १०० चाहत्यांना विचारलं, त्यांतल्या ९१ जणांना ते खरं वाटत होतं. आकडेवारीत मात्र तसं काही सापडलं नाही. नंतर त्या हिशेबातच गणिती गफलत असल्याचं दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं, आणि वाद अजून चालू आहे. मला त्यात पडायचं नाही. जॉर्जटाउनविरुद्ध १७ गुणांनी मागे असताना त्या मुलांना काय वाटत होतं, हा माझा प्रश्न आहे. त्या वेळी हात तापलेला नव्हता, गार होता.

माझं मत सांगतो. चाहत्यांचा आत्मविश्वास गोंझागाच्या रात्री जन्मला. मुलांचा त्याआधीच तयार झाला होता, त्या पराभवांत. नॉर्थ कॅरोलिनाशी ४ गुणांनी हरलेल्या मुलाला हे कळलेलं असतं की चार गुण म्हणजे दोन बास्केट. आमच्या साइटवर स्लॅबचा सेंटरिंग काढला की लोक नारळ फोडतात. पण काँक्रीटला ताकद येते ती आधी पाणी मारलं त्या दिवसांत. क्यूब २८ दिवसांनी तपासतात. तपासल्याने तो मजबूत होत नाही.

करीची त्याआधीच्या वर्षीची गोष्ट आहे. कॉलेजतर्फे पहिलाच सामना. त्यात त्याने १३ वेळा चेंडू हातचा घालवला. तेरा! आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संघातून नाव गेलं असतं, आणि वर निवड समितीवर चर्चा. प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी त्याला खेळवलं. पुढचा सामना मिशिगनशी, त्यात ३२ गुण. मॅकिलॉप यांचा स्वतःचा डेव्हिडसनमधला पहिला हंगाम ४ विजय आणि २४ पराभवांचा होता, आणि कॉलेजने त्यांना काढलं नव्हतं. हे मला त्या ४० गुणांपेक्षा मोठं वाटतं.

आता थोडं घरचं. गेल्या वर्षी मुलीच्या कॉलेजच्या संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिला सामना जिंकला. चुरशीचा, तीन गुणांनी. संध्याकाळपर्यंत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ती राज्याच्या संघात गेली होती. काकांनी नोकरीतला खेळाडू कोटा शोधला. आत्याने मिठाईचा फोटो टाकला. रात्री पोरगी जेवली नाही. म्हणाली, “बाबा, काल मी खेळायला जात होते. उद्या मला तुम्हा सगळ्यांना जिंकून द्यायला जायचंय.”

पुढच्या सामन्याची वेळ मी ग्रुपवर टाकली नाही. एकटा गेलो, मागच्या रांगेत बसलो. त्या हरल्या, ११ गुणांनी. घरी येताना तिने आपणहून दुसऱ्या संघाच्या एका मुलीच्या पासिंगचं कौतुक केलं, आणि दोन प्लेट पोहे खाल्ले. या वर्षीही ती संघात आहे. आपल्यापैकी ज्यांची मुलं काही खेळतात, गातात, नाटकात काम करतात, त्यांनी पहिल्या टाळीनंतरच्या रात्री मूल जेवलं का, एवढं बघावं. इथेच परवा बालनाट्याचा निकाल आहे, म्हणून मुद्दाम बोललो.

तर डेव्हिडसन. पुढचे सामने डेट्रॉइटला होते. कॉलेजच्या विश्वस्तांनी विद्यार्थ्यांसाठी बस, तिकिटं आणि राहण्याचा खर्च उचलला. विस्कॉन्सिनला त्यांनी ७३-५६ असं सहज हरवलं, करीचे ३३ गुण. लेब्रॉन जेम्स प्रेक्षकांत होता. आता मेहुणा आत्मविश्वासाच्याही पलीकडे गेला होता. म्हणाला, “कप आपलाच.”

३० मार्च, समोर कॅन्सस. शेवटची पंधरा-सोळा सेकंदं, ५९-५७, चेंडू डेव्हिडसनकडे. तीन गुणांचा नेम लागला तर विजय. करीवर दोघे धावून आले. त्याने चेंडू जेसन रिचर्ड्सला दिला. त्या वर्षी देशात सर्वांत जास्त यशस्वी पास देणारा हा खेळाडू, आज शेवटचा नेम त्याच्या वाट्याला आला. तो लागला नाही. मॅकिलॉप मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर बसले होते. आठवड्याभराने कॅन्ससच विजेते झाले. शेवटच्या चारांतल्या तीन संघांशी डेव्हिडसन त्या मोसमात खेळलं होतं, आणि सर्वांत मोठा पराभव १२ गुणांचा होता.

आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. मी ऑफिसला निघत होतो, तेवढ्यात फोन वाजला. चाल्डिनींच्या हिशेबाने आता ‘ते हरले’ यायला हवं होतं.

मेहुणा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “भाऊजी, दोन गुणांनी हरलो आपण.”

त्या दुपारी तो शार्लटमध्ये दुकानात जाऊन डेव्हिडसनचा लाल शर्ट घेऊन आला. पुढच्या दिवाळीत इंदूरला आला, तेव्हाही तोच अंगात होता.