बाबूजींच्या चाली

संगीतकार सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, यांची कोणतीही चाल ऐका. शब्द आधी पोचतो, मग सूर. १९१९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूजींनी वामनराव पाध्ये यांच्याकडे गाण्याचे धडे गिरवले. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर आणि सैगल या गायकांचं ऋण ते मनापासून मानत. पण नक्कल? ती कुठेच नाही!

१ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर रामकथा गीतांतून सांगणारं ‘गीतरामायण’ सुरू झालं. कवी ग. दि. माडगूळकर, म्हणजे गदिमा, यांची ५६ गीतं, दर आठवड्याला नवी चाल. भरताची समजूत घालणाऱ्या गीताला बाबूजींनी यमन कल्याण हा राग योजला. दुःख आहे, पण आकांत नाही. वनवासातला राम धाकट्या भावाला जवळ बसवून समजावतोय, हे सुरांतूनच कळतं.