घरची बोली, शाळेची मराठी आणि इंग्रजी

आज बोलायचं आहे पोरांच्या इंग्रजीबद्दल. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की हाच विषय निघतो. कुणी म्हणते, तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालू, फीसाठी गटातून कर्ज काढू. कुणी म्हणते, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी नुसतं नावाला. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी थोडं ऐकून घ्या.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना हा निर्णय झाला. म्हणजे विषय तर आपल्या शाळेत आहेच. अडचण दुसरीकडे आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात एकाच वर्गात अहिराणी बोलणारं पोर असतं, भिली बोलणारं असतं, पावरी बोलणारं असतं, आणि आईबापाबरोबर गुजरातेत कामाला राहून आलेलं, थोडी गुजराती उचललेलंही असतं. या पोरांना शाळेतली मराठीच आधी नवी असते. इंग्रजी त्यांची दुसरी नाही, तिसरी भाषा. कुणाची तर चौथी.

मग पोर गप्प बसतं, आणि आपण म्हणतो, याला येत नाही.

एक साधी गोष्ट सांगते. अहिराणीत आपण म्हणतो, ‘मनं नाव सोनी शे.’ मराठीत, ‘माझं नाव सोनी आहे.’ इंग्रजीत, ‘माय नेम इज सोनी.’ बघा, ‘शे’ आणि ‘आहे’ शेवटी बसलेत, इंग्रजीतलं ‘इज’ मात्र मध्ये येऊन बसलं. म्हणून पोर ‘आय भाकरी ईट’ असं बोलतं. ते चुकलं म्हणून हसायचं नाही. त्यानं आपल्या बोलीचा नियम नीट पाळला आहे. बाईंनी ही तीन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली, तर फरक पोराला डोळ्यांनी दिसतो. भिली-पावरी पोरांनाही त्यांचं वाक्य सांगायला लावायचं. बाईंना ती बोली बोलता आलीच पाहिजे असं नाही. विचारता आलं तरी पुरे. आणि पोरांना मजाही येते. आपल्याकडे काका वेगळा, मामा वेगळा, मावशीचा नवरा वेगळा. इंग्रजीत सगळे ‘अंकल’! एवढी नाती असून त्यांच्याकडे शब्द एकच, म्हटल्यावर वर्ग हसतो.

वाचनाचंही तसंच. ज्वारीची भाकरी थापता येणारीला बाजरीची जमवायला वेळ लागत नाही. पीठ वेगळं, हात तोच. समजणाऱ्या भाषेत पोर एकदा अर्थ लावून वाचायला लागलं की तो हात इंग्रजीलाही कामाला येतो. न समजणाऱ्या भाषेत अक्षरं गिरवून घेतली तर पोर पाठ करतं, वाचत नाही. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेत शिकवावं असं लिहिलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी असं म्हटलं आहे. हे इंग्रजीच्या विरोधात नाही. इंग्रजी पक्की व्हावी म्हणूनच आहे, असं माझं मत.

म्हणून घरी बोली सोडू नका. काही आया पोराशी मुद्दाम तुटकी मराठी बोलायला लागतात, मध्येच दोन इंग्रजी शब्द टाकतात. त्यापेक्षा आपल्या बोलीत भरपूर बोला, शेतातलं, बाजारातलं, आजीच्या वेळचं. पोराकडे सांगायला काही असेल तरच ते दुसऱ्या भाषेत सांगेल.

आता शाळेचं. दोन शिक्षकी शाळेत इंग्रजी एकाच बाईंच्या गळ्यात पडते आणि त्यांची बदली झाली की सगळं बसतं. हे मुख्याध्यापकांनी हातात घ्यायचं काम आहे. वर्गात कोणत्या बोलीची किती पोरं, याची वहीत नोंद हवी. परिपाठात रोज दोन मिनिटं पोरांनी इंग्रजीत बोलायचं, लिहिणं नंतर. मोठ्या वर्गातलं त्याच बोलीचं पोर धाकट्याशेजारी बसवायचं. याला पैसा लागत नाही. ‘सेमी इंग्रजी’ सुरू करणार असतील, तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणार कोण, हे आधी विचारा. पाटी बदलली म्हणून शिकवणं बदलत नाही.

आणि खाजगी शाळेत घालायचंच असेल, तर तिथल्या तिसरीच्या पोराला पुस्तक मिटून विचारा, आज काय खाल्लंस? इंग्रजीत एक वाक्य स्वतःचं बोललं तर ठीक. नुसती कविता म्हणून दाखवली तर फीचा पुन्हा विचार करा.

विचारायचा हक्क तुम्हाला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य बाया असाव्या लागतात, कायद्यानंच. पुष्कळ गावांत या बायांची नावं कागदावर असतात आणि सही घरी येऊन घेतात. या महिन्याची बैठक कधी आहे ते उद्याच शाळेत जाऊन विचारा. गटातल्या चौघी मिळून जा. बोलींची नोंद आणि परिपाठातली दोन मिनिटं, हे दोन विषय मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, वाचून घ्या आणि मगच सही करा.