बागेची कड : एका गंजाचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला ‘पंचवीस वर्षांच्या आठवणी’ सांगायला उभं केलं आहे. पण गेली दोन वर्षं जिन्यात जो भेटतो तो एकच विचारतो, “साहेब, एवढे पैसे घालून बागेला गंजकं लोखंड का लावलं?” तेव्हा आज त्याचाच हिशेब देतो. आयुष्य बँकेत गेलं, हिशेब दिल्याशिवाय चैन पडत नाही.

जुन्या सभासदांना आठवत असेल, बागेला आधी तिरप्या विटांची कड होती. आपल्या पहिल्या खजिनदारांनी ती स्वतः बसून लावली होती. दर दिवाळीला गेरू आणि चुना. पण उस्मानपुऱ्यातली आपली ही काळी माती! उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. दरवर्षी विटा हलायच्या आणि चिखल फरशीवर यायचा. तीन पावसाळ्यांपूर्वी त्याच चिखलावरून खजिनदारांच्या पत्नी, आपल्या तळमजल्यावरच्या वहिनी, घसरल्या. मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. ते मला जास्त लागलं.

सभेत पर्याय निघाले. सिमेंटची कड या मातीत तडकते. प्लॅस्टिक आपल्या उन्हात कडक होऊन फुटतं. साध्या लोखंडाला सारखा रंग द्यावा लागतो. वाळूजच्या कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या एका तरुण सभासदाने कॉर्टेनचं नाव काढलं.

हे पोलाद अमेरिकेत 1933 च्या सुमारास बाजारात आलं. त्यात थोडं तांबं, क्रोमियम, निकेल असतं, काही प्रकारांत फॉस्फरसही. साध्या लोखंडाचा गंज पापुद्रे होऊन गळतो आणि आतलं लोखंड उघडं पडतं. याचा गंज मात्र घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या पोलादाचं रक्षण करतो. रेल्वेच्या निळ्या डब्यांत याच जातीचं पोलाद वापरलेलं आहे. दिल्लीचा लोहस्तंभ हा याचा लांबचा नातेवाईक म्हणा. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त, म्हणून दीड हजार वर्षांहून अधिक काळ उघड्यावर टिकला. एक अट मात्र आहे. हे पोलाद भिजलं की वाळलं पाहिजे. कायम ओलं राहिलं किंवा समुद्राची खारी हवा लागली, तर ते साध्या लोखंडासारखंच सडतं. माझ्या मेहुण्याला अलिबागच्या बंगल्यासाठी हवं होतं, मी सरळ नको म्हटलं. आपली कोरडी हवा याला मानवते.

खरेदीत बँकेची सवय कामी आली. पहिला व्यापारी म्हणाला, “काका, हेच कॉर्टेन, डोळे झाकून घ्या.” मी गिरणीचं तपासणी प्रमाणपत्र मागितलं, ते निघेना. कागदाशिवाय आपण कर्ज दिलं नाही, पत्रा कसा घेणार? दुसरीकडे प्रमाणपत्रासह तीन पत्रे घेतले. जाडी 3 मिलिमीटर, लांबी अडीच मीटर, रुंदी सव्वा मीटर. एका पत्र्यातून 20 सेंटिमीटरच्या सहा पट्ट्या निघाल्या. एकूण अठरा, म्हणजे 45 मीटर. एक पट्टी साधारण बारा किलोची, तेव्हा उचलायला दोघं लागतात. वरची कड ग्राइंडरने गोल करून घेतली, कारण आपली पोरं बागेत पळतात कमी आणि पडतात जास्त.

बसवताना आधी चर खणला, तळाशी मुरूम धुमसला आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंनीही मुरूमच भरला, म्हणजे काळी माती तिला ढकलणार नाही. 12 सेंटिमीटर जमिनीत, 8 वर. जमिनीतला भाग नेहमी ओला राहतो, तिथे तो राखणारा थर धरत नाही, म्हणून तेवढ्याला डांबरी रंग दिला. वरच्या भागाला काहीही लावलं नाही. दोन पट्ट्यांमध्ये थोडी फट ठेवली. उन्हात पोलाद वाढतं, आणि पावसाचं पाणीही तिथून निघून जातं. नटबोल्ट स्टेनलेसचे घेतले, जस्त चढवलेले इथे लवकर खराब होतात.

आता माझी चूक. पहिली एक-दोन वर्षं पावसात यावरून तांबडं पाणी उतरतं. म्हणून फरशी आणि पट्टी यांच्यात खडीचा पट्टा ठेवायचा असतो. सगळीकडे ठेवला, पण गेटजवळ जागा वाचवायला मीच नको म्हटलं. तिथल्या फरशीवरचा तांबडा डाग अजून गेलेला नाही. ती थकबाकी माझ्या नावावर लिहून ठेवा.

सगळ्यात अवघड काम होतं जुन्या विटा काढण्याचं. खजिनदार आता नाहीत. मी वहिनींना विचारायला गेलो. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, ते असते तर मी पडले त्याच दिवशी त्यांनी स्वतः उपटल्या असत्या.” त्या विटा टाकल्या नाहीत. कडुनिंबाखालचा पार त्यांचाच बांधला आहे.

यापुढे तीन गोष्टी पाळा. पट्टीला रंग देऊ नका. तिच्यावर माती आणि पालापाचोळा साचू देऊ नका. आणि नळीने रोज तिच्यावर पाणी मारू नका. नाथसागराचं पाणी आपल्या नळाला कितीदा येतं, ते मी सांगायला नको. ते झाडांच्या मुळाशी जाऊ दे.

गेल्या पावसाळ्यात फरशी कोरडी राहिली. वहिनी पुन्हा रोज चार फेऱ्या मारतात आणि मग पारावर बसतात. माझ्या हिशेबात ही जमेची बाजू. खर्चाची बाजू कार्यालयात फाइलमध्ये आहे, कोणीही येऊन तपासावी.