भाकर केवढी?



क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्सची पदव्युत्तर पदवी घेणारी मुलगी दोन वर्षांत पुष्कळ शिकते. नळीवाटे आहार कसा द्यायचा, भाजलेल्या रुग्णाची गरज कशी काढायची, लिव्हर बिघडल्यावर मीठ किती, सगळं तिला तोंडपाठ असतं. ती आमच्या मराठवाड्यातल्या एखाद्या वॉर्डात येते, खाटेशेजारी स्टूल ओढते आणि शिकवल्याप्रमाणे पहिला प्रश्न विचारते, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" कंधारकडची बाई उत्तर देते, "काय खाताव मॅडम, भाकर-कोरड्यास."

झालं. मुलगी कागदावर "भाकरी 2, भाजी 1 वाटी" लिहिते आणि पुढच्या खाटेकडे जाते.

खरं काम इथून पुढे आहे. भाकर केवढी? पुस्तकात धान्याचा एक भाग म्हणजे साधारण 30 ग्रॅम पीठ, सुमारे 100 कॅलरी. एक फुलका तेवढा होतो. आपल्याकडे ताटाच्या काठाला टेकणारी ज्वारीची भाकर 100 ग्रॅम पिठाची सहज असते. म्हणजे कागदावर दोनशे कॅलरी धरल्या तिथे पोटात साडेसहाशेच्या वर गेल्या. मधुमेहाच्या रुग्णाचा सगळा तक्ता या एका ओळीत कोसळतो आणि आपण म्हणतो, "पेशंट पथ्य पाळत नाही." शिवाय कोरड्यास म्हणजे काय? पातळ वरण, पिठलं, येसराची आमटी, की अंबाड्याची भाजी? त्यावर तेल किती, आणि कोणतं? करडई गेली, सोयाबीन आलं, घरटी बाटली कधी संपते हे विचारलं तर उत्तर मिळतं; "किती चमचे" विचारलं तर मिळत नाही. पहाटेचा चहा, रानातला चहा, पाहुणा आला म्हणून झालेला चहा हे तर कुणी खाण्यात धरतच नाही. आणि बाई जर सगळ्यांच्या मागून जेवत असेल, तर तिची वाटी भरलेली होती का, हे तिला विचारून कळत नाही. तिच्या सुनेला बाजूला घेऊन विचारावं लागतं.

डायलिसिसचं उदाहरण घ्या. किडनी अधू झाल्याचं कळतं तेव्हा प्रथिनं बेताची ठेवायला सांगतात, ते बरोबर. पुढे डायलिसिस सुरू होतं आणि हिशेब उलटा होतो. दर वेळी रक्त गाळताना प्रथिनांचे घटकही वाहून जातात. आता रुग्णाला किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या माणसाला रोज 50 ते 60 ग्रॅम. घरात मात्र जुनाच हुकूम चालू असतो. "डाक्टरनं डाळ बंद सांगितल्याय." तुरीच्या बाजारपेठेसाठी नावाजलेल्या लातूर जिल्ह्यात माणूस महिनोन्महिने डाळीविना भात खातो आणि त्याच्या दंडाचं मांस झडत जातं. हुकूम बदलला हे सांगायला कुणी नसतं, कारण डॉक्टरांच्या मागे चाळीस जण उभे असतात आणि आहारतज्ज्ञाची जागा रिकामी असते.

याच रुग्णाच्या घरी येळवस येते. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. वेळ अमावस्येला झाडून सारं गाव रानात जेवायला जातं. हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी असते, उंडे असतात आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली आंबील असते. आंबिलीला कुणी नाही म्हणत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यायचं असतं, पोटॅशियम सांभाळायचं असतं. त्याच्यासाठी हे ताट अवघड. दुसऱ्या दिवशी डायलिसिस युनिटमधल्या वजनकाट्यावर उभं केलं की सगळं दिसतं. तर मग "येळवशीला जाऊ नका" असं सांगायचं का? मी सांगणार नाही. आंबील अर्धा पेला, आणि तेवढं पाणी दिवसभरातून वजा. भज्जीसाठी माळवं बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून द्यायचं. पुरणाच्या डाळीच्या पाण्याचीसुद्धा येळवणी करणाऱ्या घरात भाजीचं पाणी ओतून द्यायला सांगणं सोपं नसतं. सासूला पटवावं लागतं, सुनेला नुसतं सांगून भागत नाही. हे कोणत्याही विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही. यायला हवं.

आपल्या ज्वारीनं जगाच्या पोषणशास्त्रात एक मोठं प्रकरण लिहिलेलं आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? कुन्नूरला 1918 मध्ये मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या शोधासाठी छोटीशी प्रयोगशाळा थाटली. ती 1958 मध्ये हैदराबादला हलली, म्हणजे आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या वारशातून बाहेर पडला त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. पेलाग्रा हा मक्यावर जगणाऱ्यांचा रोग, असं पाश्चात्त्य पुस्तकं सांगत होती. याच संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांना तो दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसला. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, भ्रम. 1960 मध्ये त्यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याकडे बोट दाखवलं. त्या उपपत्तीवर पुढे वाद झाले, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. समोरच्या रुग्णाच्या ताटात काय आहे हे बघून त्यांनी पुस्तकाला प्रश्न विचारला. हल्ली ज्वारी "मिलेट" होऊन शहरात चौपट भावानं विकली जाते. तिचं कौतुक करताना, नुसत्या ज्वारीवर माणसाला काय झालं होतं, तेही विद्यार्थ्यांना शिकवा.

आता कायद्याकडे. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं आहारतज्ज्ञाला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत बसवलं. त्याला धरून विद्यापीठ अनुदान आयोगानं 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून आहारशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला बंदी घातली. तत्त्व मला मान्य आहे. खाटेशेजारचं काम टपालानं शिकता येत नाही. पण मुखेडची, निलंग्याची, लग्न झालेली, पदरी लेकरू असलेली मुलगी मुक्त विद्यापीठाच्या आधारानेच पदव्युत्तर पदवीपर्यंत पोचत होती. तिला आता पुणे-मुंबईत वसतिगृहात राहा म्हणायचं का? दार बंद केलं असेल तर जवळ दुसरं उघडायला हवं, आणि ते नांदेड-लातूरलाच हवं. दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, रुग्ण आहेत, परभणीला कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. लोह आणि जस्त जास्त असलेला "परभणी शक्ती" हा ज्वारीचा वाण त्याच विद्यापीठानं दिला. इथल्या प्रयोगशाळेत पिकलेलं इथल्या वॉर्डातल्या ताटात कधी येणार, हा प्रश्न एखाद्या मुलीनं प्रबंधाला घ्यावा. वजन कमी करण्याच्या ॲपवरचे प्रबंध आता पुरे झाले.

(आजच्या जेवणात पनीर आहे आणि भाकर नाही, हे मी मघाशीच स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. संयोजकांवर राग नाही. पण नोंद असावी.)

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 528 अन्नपदार्थांचं पृथक्करण आहे. ते कच्च्या मालाचं आहे. आपल्या येसराची आमटी, उंडे, खिचडी-खट्टा, सुशीला, धपाटे यांचे घरच्या मापातले आकडे आपण काढायचे आहेत. त्यासाठी फार पैसा लागत नाही. स्वयंपाकघरातला तराजू, एक वही आणि वेगवेगळ्या तालुक्यांतली थोडी घरं लागतात. पीठ मळण्याआधी तोलायचं, भाकर उतरल्यावर पुन्हा तोलायची, कढईत तेल ओतण्याआधी आणि नंतर बाटली तोलायची. एकच पदार्थ नांदेडात, उदगिरात आणि किनवटात करून बघायचा. किनवटचं ताट वेगळं निघेल याची मला खात्री आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरमधली डाळही मोजा, कारण दूरगावचे कितीतरी नातेवाईक तिथेच जेवून वॉर्डात परत येतात.

या मोजणीसाठी दुपारच्या सत्राआधी तालुकावार नावं लिहून घ्यायची आहेत. लोहा, देगलूर, अहमदपूर, औसा या तालुक्यांची जागा अजून कोरी आहे. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.