न हसणारा प्रेक्षक



आपल्या ग्रुपवर महिनाभर एकच मागणी चालू आहे : नववीच्या स्नेहसंमेलनातलं ‘माहेरची साडी’चं विडंबन आज पुन्हा करायचं. सगळे ‘हो हो’ म्हणाले, मी एकटी गप्प बसले. त्यात सासू मीच झाले होते, म्हणून माझी चौकशी जरा जास्तच झाली. अमेरिकेला जाऊन आली, आता हिला लाज वाटते, असंही कोणीतरी म्हणालं. तसं नाही. उलट, मी का गप्प होते ते मला अमेरिकेतच कळलं. तेवढं सांगते.

कंपनीच्या कामासाठी मी २०१२ ते २०१५ मिनेसोटात होते. तिथला डिसेंबर म्हणजे बाहेर बर्फ आणि घरात टीव्हीवर नाताळचे सिनेमे. हॉलमार्क नावाची वाहिनी २००९पासून दर वर्षी या दिवसांत असे सिनेमे ओळीने लावते. गोष्ट जवळजवळ ठरलेली. शहरात मोठ्या हुद्द्यावरची मुलगी नाताळात लहानशा गावी येते. तिथे चौकड्यांचा शर्ट घातलेला एक भला माणूस भेटतो. गावातली जुनी बेकरी बंद पडायला आलेली असते. ती वाचते, मुलगी गावातच राहते आणि शेवटी बर्फ पडतो.

पहिल्याच वर्षी ऑफिसच्या नाताळच्या जेवणात एका सहकाऱ्याने अशा सिनेमाचं स्वतः लिहिलेलं विडंबन वाचलं. त्यात नायिकेचं लग्न गावात शिरल्यापासून तासाभरात ठरतं, कारण त्या गावात दुसरा उद्योगच नाही. आणि नायक म्हणजे खरं तर नाताळचं झाड असतो, जानेवारी लागला की त्याला कचऱ्यात टाकतात. लोक टेबल बडवून हसत होते. मीही हसले, पण खोटं. त्यातला एकही सिनेमा मी पाहिला नव्हता. मीटिंगमध्ये काही कळलं नाही तरी आपण मान डोलावतो ना, तसं ते हसू.

आणखी एक जण हसत नव्हत्या. टेस्टिंग करणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या एक बाई. कोणीतरी त्यांना छेडलं, तेव्हा त्यांनी साधेपणाने सांगितलं, की मागच्या डिसेंबरात नवरा घरी अंथरुणावर होता आणि दोघं रोज रात्री असे दोन सिनेमे बघत. उद्या काय होईल ते डॉक्टरही सांगू शकत नव्हते. सिनेमाचा शेवट मात्र ठाऊक असायचा.

सगळे गप्प झाले. वाचणाऱ्याने कागद घडी करून खिशात घातला. तर त्याच म्हणाल्या, पुढचं वाच, फक्त तुझी एक चूक झाली आहे. बर्फ मुलगी गावात येते तेव्हाच पाडलास तू, तो शेवटच्या मिठीशिवाय पडत नाही. त्याने पेन काढून तिथल्या तिथे दुरुस्ती केली. मग हशा झाला, आणि त्यात त्याही होत्या.

त्यानंतर मी ते सिनेमे पाहिले आणि त्यांची विडंबनंही. १९४६चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा तिकडचा फार लाडका सिनेमा. १९७४मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं. मग वाहिन्यांनी तो दर डिसेंबरला इतका दाखवला, की घराघरात पाठ झाला. त्यात पॉटर नावाचा खलनायक नायकाचे पैसे लाटतो आणि शेवटपर्यंत पकडला जात नाही. १९८६मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने त्याचा ‘हरवलेला शेवट’ दाखवला : ते गोड गावकरी पॉटरच्या घरी जाऊन त्याला बडव बडव बडवतात. पॉटर सुटला याची चुटपूट ज्याला वर्षानुवर्षं लागलेली, तोच यावर मनापासून हसणार. आपल्याकडे अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ची. मूळ कविता न वाचता ती वाचली, तर निम्मी मजा हातातून जाते.

आता आपलं नाटुकलं. ‘माहेरची साडी’ आला १९९१मध्ये. बायका थिएटरातून डोळे पुसत बाहेर पडायच्या आणि आपल्याला त्याचंच हसू यायचं. १९९३च्या संमेलनात मी लाटणं घेऊन स्टेजभर किंचाळत फिरले. टाळ्या मिळाल्या, शिट्ट्या मिळाल्या. पण मागच्या दाराशी उभ्या असलेल्या मावशी, ज्या रोज आपली घंटा द्यायच्या, त्या मध्येच निघून गेल्या. मी स्टेजवरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. ‘त्यांना विनोद कळत नाही’ असं आम्ही ठरवून टाकलं आणि विषय संपवला.

त्या टेस्टिंगच्या बाई बोलल्या तेव्हा मला आधी मावशीच आठवल्या. तरीही फोन करायला मला आणखी बारा वर्षं लागली. या मेळाव्याचं निमित्त झालं, म्हणून गेल्या आठवड्यात केला. म्हटलं, “मावशी, त्या दिवशी रागावून गेलात का?”

त्या म्हणाल्या, “रागावले नव्हते गं. पण हसू यायचं कसं? तू सासू लई ओरडणारी केलीस. सासू ओरडत नसते. ती हळू बोलते, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.”

मला पुढे बोलता येईना. चौदा वर्षांच्या मला सिनेमातली सासू माहीत होती. मावशींना दुसरी माहीत होती, आणि ती आमच्या नाटकात कुठेच नव्हती. आम्ही चेष्टा केली याचं मला वाईट वाटत नाही. तीस वर्षं विचारलं नाही, याचं वाटतं. मावशी, त्याबद्दल सगळ्यांसमोर तुमची माफी मागते.

मावशी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. तर मंडळी, माझा होकार आहे. नाटुकलं संध्याकाळी करूया, सासू मीच होते. फक्त चहानंतरची तालीम मावशी घेतील. मी त्यांना विचारलंय, आणि त्या हो म्हणाल्या आहेत.